सिकल सेल आजार आणि रक्तप्रवाह : औषधे काय करू शकतात?

इंदूरमध्ये बालरोगचिकित्सा करणाऱ्या कोणाही डॉक्टरच्या बाह्यरुग्ण विभागात बडवानी, खरगोन, धार, झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांतून आलेली मुले असतातच. त्यांपैकी काहींच्या आईवडिलांच्या पिशवीत जुन्या कागदांचे मोठे बाड असते. कुठे 'रक्तक्षय' लिहिलेले, कुठे 'संधिवात', कुठे 'वारंवार कावीळ'. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस केले की या सर्व निदानांच्या मागे दडलेला एकच आजार पुढे येतो, तो म्हणजे सिकल सेल. आजार समजावून सांगताना आपण म्हणतो, की पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तेथे रक्त पोहोचत नाही, म्हणून दुखते. त्यावर एखादा बाप अगदी सरळ प्रश्न विचारतो, "रक्त अडकते म्हणता, तर मग रक्त पातळ करण्याचे औषध का देत नाही?"

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगभरच्या संशोधकांनी गेल्या काही दशकांत हाच प्रश्न निरनिराळ्या प्रकारे विचारला आहे आणि त्यावर मोठमोठ्या चाचण्या केल्या आहेत. त्या चाचण्यांतून मिळालेले उत्तर व्यवहारात फार उपयोगी आहे. ते आपल्या मंडळातील सहकारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावे, हा या लेखाचा हेतू.

रक्त अडते कसे?

या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली केले. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका शोधला. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते, बदल एवढाच. परंतु या एका बदलामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर तयार होतात आणि मऊ, लवचीक तांबडी पेशी ताठर होते.

येथे वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. तांबडी पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात पार होते. दोर वळले जायलाही थोडा अवधी लागतो. तो अवधी पुरेसा लांब असेल, तर पेशी सुखरूप शिरेत पोहोचते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा पूर्ववत होते. अवधी कमी पडला, तर ती वाटेतच अडते. पेशीतील पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन थोडेसे जरी दाट झाले, तरी हा अवधी कित्येक पटींनी घटतो. जुलाब, ताप, उन्हातान्हातली मजुरी किंवा थंड पाण्यात पोहणे यानंतर दुखण्याचा झटका का येतो, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र केवळ पेशी वाकडी होण्याने वाहिनी तुंबत नाही. या आजारात वाहिनीचे अस्तर चिडलेले असते. त्याला कोवळ्या तांबड्या पेशी आणि पांढऱ्या पेशी चिकटतात, वाट अरुंद होते, प्रवाह मंदावतो, आणि मंद प्रवाहात मागून येणाऱ्या पेशींना वाकडे व्हायला आणखी वेळ मिळतो. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकल पेशी अवघे १० ते २० दिवस. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेते. थोडक्यात, ताठरपणा, चिकटपणा, वाहिनीचे आकुंचन आणि पेशींचा नाश अशा चार कड्यांची ही साखळी आहे.

वाट मोकळी करण्याचे प्रयत्न

साखळी समजल्यावर तिची एकेक कडी तोडणारे औषध शोधणे ओघानेच आले.

नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, तर तो श्वासावाटे द्यावा, असा विचार झाला. झटक्यासाठी दाखल झालेल्या १५० रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. झटका लवकर ओसरला नाही. वाहिन्या सैल करणारे सिल्डेनाफिल फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या सिकल सेल रुग्णांना देऊन पाहिले. त्यात तर औषध घेणाऱ्यांनाच वेदनेसाठी अधिक वेळा रुग्णालयात यावे लागले, आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली.

रक्त 'पातळ' करण्याचा मार्गही चोखाळून झाला. प्लेटलेटना गुठळी करण्यापासून रोखणारे प्रासुग्रेल हे औषध ३४१ मुलांवर तपासले गेले. २०१६ साली आलेल्या निष्कर्षात झटक्यांच्या संख्येत लक्षणीय फरक नव्हता. पेशींचा चिकटपणा कमी करून रक्ताला जणू वंगण देणारे पोलोक्सामर १८८ हे द्रव्य ३८८ रुग्णांवर वापरले गेले. २०२१ साली त्याचाही निकाल निराशाजनक निघाला. म्हणून त्या बापाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की रक्त पातळ करण्याची औषधे मुलांना देऊन पाहिली, परंतु झटके थांबले नाहीत.

पेशी अस्तराला चिकटताना पी-सिलेक्टिन नावाच्या प्रथिनाचा आधार घेतात. त्याला अडवणारे क्रिझानलिझुमॅब महिन्यातून एकदा शिरेतून देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाकाठी झटक्यांचे प्रमाण २.९८ वरून १.६३ पर्यंत खाली आल्याचे दिसले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. पुढील मोठ्या चाचणीत मात्र हा फरक टिकला नाही, आणि २०२३ साली युरोपीय संघाने आपली परवानगी मागे घेतली. पेशीवरील ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करणारे एल-ग्लुटामिन २०१७ पासून अमेरिकेत पाच वर्षांवरील रुग्णांसाठी मान्य आहे. त्याच्या चाचणीत ४८ आठवड्यांतील झटक्यांची मध्यक संख्या चारावरून तीनावर आली. लाभ आहे, पण बेताचा.

हिमोग्लोबिन वाढले म्हणजे प्रवाह सुधारला का?

आपणां डॉक्टरांच्या मनात पक्की बसलेली एक समजूत येथे तपासून पाहावी लागते. सहा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेले मूल पाहिले की रक्त चढवण्याकडे हात आपोआप वळतो. परंतु सिकल सेलच्या रक्ताचा दाटपणा वेगळ्या नियमाने चालतो. सिकल पेशींचे प्रमाण जास्त असताना एकूण हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या वर नेले, तर रक्त इतके दाट होते, की अधिक प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता असूनही ते पेशीजालापर्यंत कमीच पोहोचते. मुलाचे हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीच्या पातळीवर स्थिर असेल, तर केवळ आकडा सुधारण्यासाठी रक्त चढवू नये, ते याचसाठी.

हाच धडा औषधांनीही दिला. सेनिकापॉक हे औषध पेशीतील पाणी टिकवते. त्याने हिमोग्लोबिन वाढले, झटके कमी झाले नाहीत. व्होक्सेलोटोर हे औषध हिमोग्लोबिनला प्राणवायू सोडू देत नाही, त्यामुळे दोर वळले जात नाहीत. हिमोग्लोबिन वाढते, या आधारावर २०१९ साली अमेरिकेत त्यास त्वरित परवानगी मिळाली. पुढे वेदनांचे झटके आणि मृत्यू यांविषयीची माहिती चिंताजनक ठरल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकाने ते जगभरातून परत घेतले.

रक्त देण्याची खरी गरज कोठे असते, हेही सांगितले पाहिजे. छातीचा तीव्र विकार, प्लीहेत रक्त साठून हिमोग्लोबिन एकाएकी घसरणे आणि मेंदूचा झटका येथे रक्त जीव वाचवते. मेंदूच्या बाबतीत तर प्रवाह मोजण्याची सोय आहे. ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर तपासणीत रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आढळला, तर ते शुभलक्षण नव्हे. अरुंद झालेल्या रोहिणीतून रक्त जोराने धावत असल्याची ती खूण असू शकते. अशा १३० मुलांवरील अभ्यासाने १९९८ साली सिद्ध केले, की नियमित रक्त दिल्यास मेंदूच्या पहिल्या झटक्याचा धोका ९२ टक्क्यांनी कमी होतो. २०१६ साली आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. किमान वर्षभर असे रक्त घेतलेल्या आणि मेंदूच्या रोहिण्यांत गंभीर बिघाड नसलेल्या मुलांत पुढची जबाबदारी तोंडावाटे घ्यायचे एक औषध सांभाळू शकते. ते औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया.

एक जुने औषध

हायड्रॉक्सियुरिया १८६९ साली जर्मनीत प्रथम तयार झाले. विसाव्या शतकात ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले. सिकल सेलकडे ते वळले, त्यामागे एका बालरोगविषयक निरीक्षणाचा हात आहे. सिकल सेल असलेले नवजात बालक पहिले काही महिने निरोगी दिसते. याचे कारण त्याच्या रक्तातील गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असावे, असे डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच सुचवले होते. हे 'एफ' हिमोग्लोबिन दोरात सामील होत नाही, उलट दोर वळण्यास अडथळा आणते. हायड्रॉक्सियुरियाने ते पुन्हा वाढते, हे १९८४ साली रुग्णांत दिसून आले.

परंतु या औषधाचे काम तेवढ्यावर थांबत नाही. त्याने तांबडी पेशी आकाराने मोठी होते, तिच्यात पाणी अधिक राहते आणि ती अस्तराला कमी चिकटते. पांढऱ्या पेशी व कोवळ्या तांबड्या पेशी यांची संख्या घटते, त्यामुळे गर्दी कमी होते. पेशी कमी फुटतात, त्यामुळे नायट्रिक ऑक्साइडही वाचतो. अपयशी ठरलेल्या बहुतेक औषधांनी साखळीची एकेकच कडी धरली होती. हायड्रॉक्सियुरिया साखळी जेथे सुरू होते, तेथेच हात घालते, आणि पुढच्या कड्या आपोआप सैल होतात. वाट रुंद करण्यापेक्षा त्या वाटेने जाणारी पेशी बदलणे अधिक फलदायी ठरले, हे या साऱ्या इतिहासाचे सार आहे.

आकडे पाहावेत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढांवरील चाचणीत वर्षाकाठी झटक्यांची मध्यक संख्या ४.५ वरून २.५ वर आली. छातीचा तीव्र विकार आणि रक्त चढवण्याची गरज सुमारे निम्म्यावर आली. १९९८ साली अमेरिकेत प्रौढांसाठी परवानगी मिळाली. २०११ साली ९ ते १८ महिन्यांच्या १९३ बालकांवरील अभ्यास आला. त्यात हातापायांची बोटे सुजून दुखण्याचे प्रसंग औषध न घेणाऱ्या गटात १२३, तर औषध घेणाऱ्या गटात अवघे २४ होते. २०१९ साली अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या देशांतील ६०६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील परिस्थिती आपल्या आदिवासी पट्ट्याशी बरीच मिळतीजुळती आहे. दर शंभर रुग्णवर्षांमागे झटके ९८.३ वरून ४४.६ वर आणि मृत्यू ३.६ वरून १.१ वर आले. मलेरियाचे प्रमाण वाढेल ही भीती होती. प्रत्यक्षात तेही कमी झाले.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकीय उपचारांना परवानगी मिळाली. त्यांपैकी जनुकाला कात्री लावणारा उपचार 'एफ' हिमोग्लोबिनच वाढवतो, आणि तिकडे त्याची छापील किंमत २२ लाख डॉलर आहे. तो एकदाच करायचा असतो आणि त्याचा परिणामही अधिक खोल असतो, यात शंका नाही. परंतु दिशा तीच आहे, जी आपल्या औषधपेटीतील स्वस्त कॅप्सूलची आहे.

मध्य भारतातील अनुभव

भारतात हा आजार १९५२ साली प्रथम नोंदला गेला. आपल्याकडील रुग्णांत 'एफ' हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, म्हणून येथील आजार सौम्य, असे पुष्कळ काळ मानले जाई. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या बालरुग्णांच्या दीर्घ निरीक्षणाने या समजुतीला छेद दिला. मध्य भारतातील मुलांनाही गंभीर आजार होतो. त्यापूर्वी २०१२ साली याच मंडळींनी तीव्र आजाराच्या मुलांना दर किलो वजनामागे दररोज केवळ १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सियुरिया देऊन झटके आणि रक्ताची गरज कमी होते, हे दाखवले. वारंवार रक्ततपासणी जेथे कठीण, तेथे कमी मात्रेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. विदर्भात हा आजार आदिवासींपुरता मर्यादित नाही, अन्य समाजांतही आढळतो. तेव्हा आडनाव पाहून शंका दूर सारू नये.

प्रत्यक्ष देताना

मात्रा साधारणपणे किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, आणि परिणाम व रक्तगणना पाहून वाढवतात. २०१४ सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना तर नऊ महिन्यांवरील प्रत्येक बालकाला, लक्षणे नसली तरी, हे औषध देऊ करावे असे म्हणतात. आपल्याकडे कॅप्सूल सहसा ५०० मिलिग्रॅमची मिळते, आणि १२ किलोच्या मुलाला हव्या असतात १२० मिलिग्रॅम. अशा वेळी कॅप्सूल १० मिलिलिटर पाण्यात विरघळवली, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम येते आणि २.४ मिलिलिटर सिरिंजने मोजून देता येते. हे आईला समोर बसवून शिकवावे. गरोदर स्त्रीने ही भुकटी हाताळू नये, इतरांनी हातमोजे घालावेत.

सुरुवातीला दर महिन्याला, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्तगणना करावी. न्यूट्रोफिल ठरावीक मर्यादेखाली किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्यास औषध थांबवावे आणि गणना सुधारल्यावर पुन्हा सुरू करावे. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगावे. नाहीतर पालक महिन्याभरात निराश होतात. चालू झटक्यावर हे औषध नव्हे. तेथे वेदनाशामक, बेताचे द्रव आणि ऊबच हवी. शिरेतून गरजेपेक्षा अधिक सलाइन दिल्यास फुप्फुसांवर भार येतो. पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस यांची जागाही हे औषध घेत नाही. तरुण रुग्णांशी, मुलगा असो वा मुलगी, अपत्यविचाराच्या वेळी औषधाविषयी बोलणे आवश्यक आहे.

औषध नियमित चालू आहे की नाही, हे कळण्याचा एक सोपा मार्ग आपल्या साध्या रक्तगणनेतच असतो. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याच्या तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान वाढते. निमाडातील एका अकरा वर्षांच्या मुलीचे उदाहरण देतो. औषध सुरू झाल्यावर दोन वर्षे तिला एकदाही दाखल करावे लागले नव्हते. पेशींचे आकारमान ९८ होते. जुलैत ती वसतिगृहात राहायला गेली. जानेवारीच्या थंडीत ती छातीच्या तीव्र विकाराने आमच्याकडे दाखल झाली, तेव्हा आकारमान ७९ वर उतरलेले होते. वसतिगृहातील कोणीतरी वेष्टनावर कर्करोगाचा उल्लेख वाचला होता, आणि 'कॅन्सरचे औषध लहान मुलीला कशाला', म्हणून डबी कपाटात ठेवून दिली होती. मुलगी आठ दिवस प्राणवायूवर होती. ती वाचली. तिच्या आईने विचारले, "मी डबी दिली होती, चिठ्ठी का नाही दिली कोणी?" तेव्हापासून आम्ही प्रत्येक शाळकरी रुग्णासोबत हिंदीत लिहिलेली एक चिठ्ठी देतो. त्यात लिहिलेले असते, की हे औषध सिकल सेलसाठी आहे, रोज द्यायचे आहे, आणि ताप, छातीत दुखणे, एकाएकी पांढरेफटक पडणे किंवा हातापायात दुर्बलता यांपैकी काहीही झाल्यास मुलाला त्वरित रुग्णालयात आणायचे आहे.

भीती केवळ वसतिगृहात असते असे नाही. ती आपल्या व्यवसायबंधूंतही आहे. सिकल सेलच्या रुग्णांच्या दीर्घकालीन निरीक्षणांत या औषधामुळे कर्करोग वाढल्याचे आढळलेले नाही. उलट १९९५ च्या चाचणीतील प्रौढांचा नऊ वर्षे पाठपुरावा केला असता, औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले. औषध देण्याच्या धोक्याचा विचार आपण करतो, तसाच न देण्याच्या धोक्याचाही करायला हवा.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीने रुग्ण सापडतील. सापडलेल्या प्रत्येक मुलाला औषध मिळत राहणे हे त्यापुढचे काम, आणि ते अभियानाइतकेच आपल्यासारख्या खाजगी व्यावसायिकांवरही अवलंबून आहे. वारंवार कावीळ, हाडांचे दुखणे किंवा न वाढणारे हिमोग्लोबिन घेऊन येणाऱ्या मुलाची एकदा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी. निदान झाल्यास हायड्रॉक्सियुरियाचा विचार पहिल्याच भेटीत करावा, आणि दुसऱ्या कोणी सुरू केलेले औषध त्याच्याशी बोलल्याशिवाय बंद करू नये. आपल्या मंडळाच्या सभासदांनी एवढे तीन नियम पाळले, तरी या भागातील कितीतरी मुलांच्या शाळेतील गैरहजेरीचे दिवस कमी होतील.